लव्हाळ्याची जागा

मृगाचे दोन पाऊस पडले की अंगणात, कुंड्यांत आणि भाजीच्या वाफ्यांत एक गडद हिरवे, चकचकीत पाते वर येते. उपटून टाकले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच जागी पुन्हा हजर! शेतकरी बांधव त्याला लव्हाळा म्हणतात, काही भागांत मोथा म्हणतात आणि दोन्हीकडे त्याचे नाव वैतागूनच घेतात.

काष्ठौषधीच्या दुकानात 'नागरमोथा' मागितला तर दुकानदार काळपट, खरबरीत, सुगंधी गाठी पुडीत बांधून देतो. शिकेकाईत, उटण्यात, केसांच्या तेलात त्या घातल्या जातात. युनानी दवाखान्यात हकीमसाहेब औषधांच्या यादीत 'सअद कूफी' असे लिहितात, तेव्हाही अत्तार त्याच बरणीत हात घालतो. लव्हाळा, नागरमोथा आणि सअद ही एकाच वनस्पतीची तीन नावे आहेत. एकाच घरात सूनबाई ती उपटून उकिरड्यावर टाकते आणि सासूबाई तिच्या गाठी पैसे मोजून विकत आणतात, असे चित्र आपल्याकडे नवीन नाही.

या वनस्पतीचे कुळ फार मोठे आहे. आपण ज्या चटईवर बसतो, ज्या कागदावर इस्लामी इतिहासातील पहिले सरकारी दस्तऐवज लिहिले गेले आणि दूर सैबेरियातून येणारे पक्षी ज्यावर हिवाळा काढत, ते सारे या कुळाशी जोडलेले आहे. तरीही आपण त्याला सरसकट 'गवत' म्हणून मोकळे होतो. या लेखात या कुळाची ओळख करून घेऊ आणि घरच्या बागेत, मस्जिदीच्या आवारात, गावच्या तळ्याकाठी त्याला कोणती जागा द्यावी, हेही पाहू.

गवत आणि मोथा : फरक कसा ओळखावा?

फरक ओळखण्यासाठी भिंग लागत नाही, बोटे पुरेशी आहेत. लव्हाळ्याचा तुऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवून पाहा. तो गोल फिरत नाही, त्याच्या तीन कडा बोटांना जाणवतात. दांडा आडवा कापला तर त्रिकोण दिसतो. गवताचा दांडा बहुधा गोल असतो, आतून पोकळ असतो आणि त्याला बांबूसारखी पेरे असतात. मोथ्याच्या दांड्याला तुऱ्यापर्यंत पेर नसते आणि आत पांढरा भुसभुशीत गर असतो. गवताची पाने दोन बाजूंना एकाआड एक फुटतात, तर मोथ्याची तीन दिशांना. मुलांना हा खेळ एकदा शिकवला की ती ओढ्याकाठची निम्मी झाडे चिमटीने ओळखू लागतात.

या कुळातील प्रत्येक वनस्पतीचा दांडा इतका ठळक त्रिकोणी असतोच असे नाही, पण ओळखीची सुरुवात येथून करावी. वनस्पतिशास्त्रात कुळाचे नाव सायपेरेसी. जगभरात त्याच्या सुमारे साडेपाच हजार जाती आहेत आणि भारतात पाचशेहून अधिक. फुलांना रंगीत पाकळ्या नसतात, कारण बहुतेक जातींचे परागीभवन वारा करतो आणि कीटकांना बोलावण्याची त्यांना फारशी गरज पडत नाही. म्हणूनच आपली नजर त्यांच्यावर सहसा ठरत नाही.

शेतातला हट्टी पाहुणा

लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातील सर्वांत त्रासदायक तणांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला क्रमांक आपल्या लव्हाळ्याला मिळाला. ऊस, भात, भाजीपाला, कापूस अशा अनेक पिकांत आणि उष्ण हवेच्या जवळजवळ सर्व देशांत तो पोहोचलेला आहे.

त्याच्या हट्टाचे कारण जमिनीखाली आहे. वर दिसणाऱ्या पात्याखाली एक गाठ असते. तिच्यातून दोऱ्यासारखी मुळे आडवी पसरतात आणि थोड्या थोड्या अंतरावर नवीन गाठी धरतात. तसबीहच्या मण्यांसारखी ही माळ मातीत पसरत जाते. प्रत्येक गाठीवर अनेक डोळे असतात. माळ अखंड असेल तेव्हा टोकाची गाठ फुटते आणि मागच्या गाठी बहुधा झोपलेल्या राहतात. आपण खुरप्याने माळ तोडली की झोपलेल्या गाठी जाग्या होतात. एका रोपाच्या जागी चार रोपे उगवतात ती अशी. नुसते पाते ओढून काढल्याने गाठ जागेवरच राहते, हे तर आपण दरवर्षी पाहतो.

मग करावे काय? आमच्या माता-भगिनींना घरच्या वाफ्यासाठी उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पाऊस पडून माती मऊ झाल्यावर खुरप्याऐवजी काट्याच्या अवजाराने खोलवर माती उकरा आणि गाठींची माळ शक्यतो सलग उचला. उचललेल्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नका, तेथे त्या मरत नाहीत. फरशीवर कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. गाठीतील ओलावा गेला की तिचा जीव जातो. शेतात एप्रिल-मेची उन्हाळी नांगरट याच कारणाने उपयोगी पडते. गाठी वर येऊन उन्हात सुकतात.

दुसरी गोष्ट सावली. लव्हाळ्याला भरपूर ऊन लागते. दाट सावलीत तो खंगतो. वाफा मोकळा ठेवण्यापेक्षा रताळ्याच्या वेलासारखे जमीन झाकणारे पीक घेतले तर त्याचा जोर पुष्कळ कमी होतो. पातळ प्लास्टिकचे आच्छादन मात्र त्याच्यापुढे टिकत नाही. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असल्याने तो प्लास्टिक भोकसून वर येतो.

तिसरी गोष्ट, विकतची माती आणि शेणखत कुंडीत भरण्यापूर्वी चाळून घ्या. बऱ्याच घरांत लव्हाळा याच वाटेने शिरतो. आणि चौथी गोष्ट सबुरी. दर पंधरवड्याला नवे कोंब चार-सहा पाने होण्याआधी काढत राहिले तर गाठीतील साठा संपत जातो. हे काम एका हंगामाचे नाही.

त्याच गाठीचा सुगंध

ज्या गाठीने शेतकऱ्याला जेरीस आणले, तीच गाठ वाळवून कुटली की तिचा मातकट, लाकडी, किंचित धुरकट वास खोलीभर दरवळतो. आयुर्वेदात तिला मुस्ता म्हणतात आणि युनानी वैद्यकात सअद. युनानीतले 'कूफी' हे विशेषण इराकमधील कूफा शहरावरून आलेले आहे. पोटाच्या तक्रारींवरील अनेक जुन्या पाठांत ती आढळते. अर्थात औषध म्हणून पोटात घ्यायची असेल तर ती जाणकार हकीम किंवा वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावी. गर्भवती भगिनींनी तर नक्कीच.

सुगंधासाठी मात्र तिचा हात धरणारे कमीच. नागरमोथ्याचे तेल काढण्यासाठी लव्हाळ्याच्या जवळच्याच एका जातीचा अधिक वापर होतो. कनौजच्या अत्तारांचे जे प्रसिद्ध 'शमामा' अत्तर आहे, त्यातील अनेक सुगंधी द्रव्यांत नागरमोथाही असतो. ऊदचे खरे तेल अतिशय महाग. त्यामुळे आजकालचे अत्तर बनवणारे ऊदची छटा आणण्यासाठी नागरमोथ्याच्या तेलाचा आधार घेतात. जुम्म्याला आपण कपड्यांना लावतो त्या एखाद्या 'ऊद' नावाच्या कुपीत शेताच्या बांधावरच्या या तणाच्या बहिणीचा वाटा असू शकतो.

या कुळातील काही जाती थेट जेवणातही येतात. युनानी दुकानात 'हब्बुल अज़ीज़' नावाने छोटे, सुरकुतलेले, गोडसर दाणे मिळतात. सुक्या मेव्याच्या दुकानांत आता ते 'टायगर नट' या नावाने येतात. हे दाणे म्हणजे लव्हाळ्याच्याच एका सख्ख्या जातीच्या गाठी. स्पेनमधील वलेन्सिया प्रांतात हे पीक मुस्लिम राजवटीच्या काळात रुजले असे मानले जाते. तेथे आजही या दाण्यांपासून 'ओर्चाता' नावाचे दुधासारखे थंड पेय बनवतात आणि उन्हाळ्यात घरोघरी पितात. चायनीज जेवणात जो पांढरा, कुरकुरीत 'वॉटर चेस्टनट' असतो, तोही याच कुळातील एका पाणवनस्पतीचा कंद आहे. आपला शिंगाडा निराळा.

ओली जमीन धरून ठेवणारे हात

लव्हाळा शेतात नकोसा, पण या कुळाचे खरे घर शेत नाहीच. तळ्याचा काठ, ओढ्याची कड, भातखाचराचा बांध, दलदल, सह्याद्रीच्या सड्यावरचे पावसाळी पाणी ही त्याची ठिकाणे. माती सतत ओली असेल तर तिच्यात हवा राहत नाही आणि बहुतेक झाडांची मुळे गुदमरून कुजतात. या कुळातील पाणथळ जातींच्या दांड्यांत आणि मुळांत मात्र हवेच्या बारीक पोकळ्या असतात. वरची हवा त्या वाटेने खाली मुळांपर्यंत उतरते. त्यामुळे चिखलात इतरांना जमत नाही ते यांना जमते. त्यांच्या मुळांची जाळी काठाची माती धरून ठेवते. पुराचे पाणी आले की हे दांडे वाकतात आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उभे राहतात. मराठी माणसाला नम्रतेसाठी लव्हाळ्याचा दाखला शतकानुशतके ठाऊक आहे, तो अशाच नदीकाठांवरून आला.

काठावरच्या या दाटीत बेडूक आणि मासे अंडी घालतात, पिल्ले लपतात, पाणकोंबड्या घरटी बांधतात. डोंगरउतारावरून वाहून येणारा गाळ येथेच अडतो आणि तळ्यात निवळ पाणी उतरते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर लोक रंगीत फुले पाहायला जातात. तेथील कातळावरचा मातीचा पातळ थर धरून ठेवणाऱ्यांत या कुळातील लहानलहान जातीही आहेत, पण त्यांची छायाचित्रे कोणी काढत नाही.

भरतपूरचा धडा

या कुळाचे महत्त्व आणि त्याची नेमकी जागा समजून घ्यायची तर राजस्थानातील भरतपूरचे उदाहरण पाहावे. तेथील केवलादेव पाणथळ वाचवण्यासाठी ज्यांनी पुढाकार घेतला, त्यांत मुंबईचे थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली हे अग्रभागी होते. हिवाळ्यात तेथे सैबेरियातून पांढरेशुभ्र क्रौंच येत. उथळ पाण्यात उभे राहून, लांब चोच चिखलात खुपसून ते काय शोधत? आपला लव्हाळा! त्याच्या गाठी हे भरतपुरातील त्यांचे मुख्य अन्न होते. जी गाठ आपल्या शेतात नको, ती हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्यांचा दस्तरखान होती.

भरतपूर राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ साली तेथील गुरांची चराई बंद करण्यात आली. गुरांमुळे पाणथळाची हानी होते, असा तेव्हा समज होता. आसपासच्या गावकऱ्यांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या तेथे चरत होत्या. बंदीवरून संघर्ष पेटला आणि त्यात माणसांचे जीवही गेले. त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे सालिम अलींच्याच संस्थेने, तेथे अनेक वर्षे अभ्यास केला. तेव्हा वेगळेच चित्र पुढे आले. म्हशी खात असलेले एक पाणगवत आता मोकाट वाढले होते. त्याने उथळ पाणी व्यापून टाकले, मासे आणि पक्षी यांची जागा आक्रसली आणि क्रौंचांना लव्हाळ्याच्या गाठींपर्यंत पोहोचणे कठीण झाले.

सैबेरियन क्रौंच भरतपुरात शेवटचे दिसले ते २००१-०२च्या हिवाळ्यात. त्यांच्या नाहीसे होण्याला प्रवासाच्या वाटेवरील शिकार आणि उजाड झालेली पाणथळे ही मोठी कारणे होती, सारा दोष भरतपूरच्या गवतावर टाकता येणार नाही. पण म्हैस, गवत, लव्हाळा आणि पक्षी यांचा एकमेकांशी असलेला तोल तेथे स्पष्ट दिसला. सृष्टीत 'मीज़ान' म्हणजे तोल ठेवलेला आहे, असे आपण मानतो. त्या तोलाला हात लावण्यापूर्वी तेथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांना आणि त्यांच्या गुरांनाही हिशेबात धरावे लागते.

पट्टमडईच्या चटया

आता घरात येऊ. जमिनीवर अंथरायची, गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची पिवळसर चटई आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. तमिळनाडूत ज्या वनस्पतीपासून ती विणतात तिला 'कोराई' म्हणतात. तीही याच मोथ्याच्या कुळातील. कावेरीच्या काठच्या करूर, नामक्कल भागात तिची शेती होते. बंगालमधील मेदिनीपूरच्या 'मादुर' चटयाही याच कुळातील काड्यांच्या. त्यातील सर्वांत तलम प्रकाराला 'मसलंद' म्हणतात. हे नाव फारसीतील 'मसनद'वरून आले.

पण कोराईचे नाव जगभर नेले ते तिरुनेलवेली जिल्ह्यातील पट्टमडई या लहानशा गावाने. येथील विणकाम प्रामुख्याने मुस्लिम कुटुंबांकडे आहे आणि मागावर बहुतेक वेळा घरातील महिला बसतात. ताम्रपर्णी नदीच्या ओल्या काठावरची कोराई हिरवी असतानाच कापतात. दांडे चिरून उन्हात वाळवतात, की ते पिवळे पडतात. मग त्यांचे जुडगे काही दिवस नदीच्या वाहत्या पाण्यात भिजत ठेवतात. फुगून मऊ झालेल्या काड्या पुन्हा चिरून दोऱ्याइतक्या बारीक करतात, पुन्हा वाळवतात आणि रंगवतात. जमिनीलगतच्या मागावर सुताचा, कधी रेशमाचा ताणा ओढलेला असतो. त्यातून एकेक काडी आडवी सारत विणकाम पुढे सरकते. अगदी तलम चटई विणायला काही आठवडे लागतात. अशी चटई कापडासारखी मऊ होते, घडी घालून पिशवीत ठेवता येते. लग्नासाठी वधू-वरांची नावे विणलेल्या चटया करून घेण्याची रीत त्या भागात आहे आणि त्या चटया करणारे मुस्लिम हात हिंदू घरांच्या लग्नविधींशी असे जोडले गेले आहेत. पट्टमडईच्या चटईला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

या चटईचा गुण उष्ण हवेत कळतो. काडीच्या आतला भुसभुशीत गर घाम टिपतो, अंगाला थंडावा राहतो. प्लास्टिकची चटई स्वस्त असते, पाण्याने धुता येते, रंग भडक असतो. पण तिच्यावर दुपारी झोपले तर पाठ भिजून निघते, आणि फाटल्यावर ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. कोराईची चटई जुनी झाली तर मातीत मिसळून जाते.

तरीही प्लास्टिकने तिला मागे सारले. आठवडे खर्च करून विणलेल्या चटईची किंमत देणारे गिऱ्हाईक कमी. मग मुली मागावर बसण्यापेक्षा दुसरे काम शोधतात, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मानांकनाच्या कागदाने माग चालत नाही, गिऱ्हाइकाने चालतो. शिवाय कोराई उगवायला नदीचा ओला काठ लागतो. वाळू उपसली, काठ बांधून काढला, पाणी घाण झाले की विणकरणीच्या हातातला कच्चा मालच नाहीसा होतो. कला टिकवायची तर आधी चिखल टिकवावा लागतो.

आपल्या हातात येथे एक साधी गोष्ट आहे. पाहुण्यांसाठी अंथरूण, मुलीच्या रुखवतातील एखादी वस्तू, मस्जिदीतील किंवा मदरशातील बैठक यांसाठी चटई घ्यायची वेळ आली तर एकदा कोराईची किंवा मादुरची विचारून पाहावी. साधी, जाड विणीची चटई फार महाग नसते. वापरताना ती ओली गुंडाळून ठेवू नये, बुरशी येते. आठवड्यातून एकदा ऊन दाखवावे आणि ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी. नीट जपली तर ती बरीच वर्षे साथ देते.

पासष्ट मेंढ्यांची पावती

याच कुळातील आणखी एका वनस्पतीने जगाला लिहिते केले. ती म्हणजे पपायरस. इजिप्तमध्ये नाईलच्या दलदलीत माणसाहून दुप्पट उंच वाढणारा हा लव्हाळ्याचा थोरला भाऊ. त्याच्या त्रिकोणी दांड्याचा गर काढून पातळ पट्ट्या करत. एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा ठेवून दाबत. गराच्याच चिकट रसाने पट्ट्या जुळत आणि वाळल्यावर लिहिण्याजोगे पान तयार होई. काही हजार वर्षे भूमध्य समुद्राभोवतीचे जग या पानांवर लिहीत होते.

पवित्र कुरआनमध्ये सूरह अल-अनआममध्ये लिहिण्याच्या पानासाठी 'किर्तास' हा शब्द आला आहे. भाषातज्ज्ञ त्याचे मूळ पपायरसच्या पानासाठी असलेल्या ग्रीक शब्दापर्यंत नेतात. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत इजिप्त मुस्लिम राज्यात आले. तेथील कारभार ज्या पानांवर चालला ती पपायरसचीच होती. त्यांतील एक पान आज व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेले आहे. त्यावर हिजरी २२, म्हणजे इसवी सन ६४३ ही तारीख आहे. तारीख असलेल्या सर्वांत जुन्या अरबी दस्तऐवजांत त्याची गणना होते.

त्यावर काय लिहिले आहे? ती एक पावती आहे. अब्दुल्लाह बिन जाबिर यांनी आपल्या सैनिकांसाठी अहनास शहराच्या अधिकाऱ्यांकडून ६५ मेंढ्या घेतल्या, त्याची ही लेखी पोच. मजकूर दोन भाषांत आहे, ग्रीकमध्ये आणि अरबीत, म्हणजे देणाऱ्यालाही वाचता यावा आणि घेणाऱ्यालाही. अरबी अक्षरांपैकी काहींवर नुक्तेही दिलेले आहेत, त्यामुळे अरबी लिपीच्या अभ्यासकांना हे पान फार मोलाचे वाटते. विजेत्या फौजेने जिंकलेल्या मुलखातून घेतलेल्या मेंढ्यांची पावती दिली आणि ती लव्हाळ्याच्या कुळातील एका दांड्याने साडेतेराशेहून अधिक वर्षे सांभाळली.

पुढे समरकंदहून कागद बनवण्याची विद्या मुस्लिम जगात पसरली. दहाव्या शतकापर्यंत इजिप्तमध्येही कागदाने पपायरसची जागा घेतली. मग ज्याची गरज उरली नाही ते पपायरस कोणी लावेना. दलदली बुजवून शेते झाली. हळूहळू ज्या देशाने जगाला पपायरस दिले, त्याच देशातून ही वनस्पती जवळजवळ नाहीशी झाली. विसाव्या शतकात हसन रगब या इजिप्शियन गृहस्थांनी सुदानमधून रोपे आणून ती नाईलकाठी पुन्हा लावली आणि प्रयोग करत करत पान बनवण्याची हरवलेली रीत पुन्हा बसवली. आज कैरोला जाणारे प्रवासी पपायरसची जी चित्रे विकत आणतात, ती या खटपटीमुळे.

आपल्याकडच्या तळ्यांकडे पाहताना आम्हाला ही गोष्ट आठवते. 'कुठेही उगवते ते' म्हणून आपण ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो, ते आपल्याच देशातून पुसले जाऊ शकते.

घरच्या बागेत

या कुळातील सर्वांत सोपे शोभेचे झाड म्हणजे छत्रीसारखी पाने असलेले 'अंब्रेला पाम'. नाव पाम असले तरी ते खजुराच्या घरातले नाही, मोथ्याच्या घरातले आहे. कोणत्याही रोपवाटिकेत मिळते. तळाला भोक नसलेल्या कुंडीत किंवा जुन्या बादलीत माती भरून लावा आणि माती कायम ओली ठेवा. जास्त पाण्याने बहुतेक कुंड्यांतील झाडे मरतात, हे झाड उलट खुलते. अर्धा दिवस ऊन मिळणारी जागा चांगली.

नवीन रोपे करण्याची रीत मुलांना फार आवडते. छत्रीखाली दोन इंच दांडा ठेवून ती कापा, पात्यांची टोके निम्मी छाटा आणि छत्री उलटी करून पाण्याच्या वाडग्यात ठेवा. दोन-तीन आठवड्यांत छत्रीच्या मधोमध मुळे आणि कोवळे कोंब फुटतात. मग मातीत लावा. वाडग्यातील पाणी दर तीन दिवसांनी बदलत राहा, म्हणजे डास होणार नाहीत.

याच झाडाचा आणखी एक चांगला उपयोग आहे. वुजूचे पाणी साबणविरहित आणि बरेचसे स्वच्छ असते. पाण्याची उधळपट्टी नको, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते, तरी बहुतेक ठिकाणी हे पाणी थेट गटारात जाते. आवारात दोन फूट खोल, तळ आणि बाजू सिमेंटने पक्क्या केलेला एक लांबट हौद करावा. त्यात खडी भरावी आणि वरच्या भागात अंब्रेला पाम व कर्दळ लावावी. एका टोकाने वुजूचे पाणी सोडावे, दुसऱ्या टोकाने बाहेर काढावे. बाहेर पडण्याचे तोंड अशा उंचीवर ठेवावे की पाणी खडीच्या वरच्या पातळीपेक्षा दोन-तीन इंच खालीच राहील. वर उघडे पाणी नसल्याने डास होत नाहीत. खडी आणि मुळे यांतून गाळून आलेले हे पाणी नारळ, लिंबू, फुलझाडे यांना द्यावे. ते पिण्यासाठी किंवा पुन्हा वुजूसाठी नाही. संडासाचे किंवा स्वयंपाकघरातील तेलकट पाणी या हौदात सोडू नये. मस्जिदीच्या विश्वस्तांनी एखाद्या स्थानिक प्लंबरला बरोबर घेऊन हे करून पाहण्यासारखे आहे.

एक सावधगिरी मात्र पाळावी. अंब्रेला पाम आणि पपायरस ही आपल्या मातीतील झाडे नाहीत. ती कुंडीत आणि हौदात ठेवावीत, छाटलेले तुकडे ओढ्यात किंवा तळ्यात फेकू नयेत. मोकळ्या पाण्यात ती पसरली तर स्थानिक जातींची जागा घेतील आणि आपण आणखी एक 'लव्हाळा' मागे लावून घेऊ.

तळ्याचा एक काठ

गावोगावी तळ्यांचे सुशोभीकरण चालू आहे. गाळ काढणे, कचरा उचलणे हे चांगलेच काम. पण अनेकदा त्याबरोबर चारही बाजूंना दगडी भिंत बांधतात, काठचा मोथा, पाणकणीस, सारे खरवडून काढतात आणि वर फरशी व बाके बसवतात. त्यानंतर तळे दिसायला नीटनेटके होते, पण बेडकांना अंडी घालायला जागा उरत नाही आणि पावसाचा गाळ थेट पाण्यात उतरतो. ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत असा विषय आला तर आपल्यापैकी कोणीतरी एवढे नक्की सुचवावे : तीन बाजूंना हवी तर भिंत बांधा, पाणी ज्या बाजूने तळ्यात येते तो एक काठ मातीचाच राहू द्या. तेथे जे उगवेल ते उगवू द्या.

भाजीच्या वाफ्यातला लव्हाळा अवश्य काढा, गाठीसकट काढा, आम्हीही काढतो. तळ्याच्या त्या एका काठावर मात्र त्याला आणि त्याच्या भाऊबंदांना राहू द्या. सुट्टीच्या दिवशी मुलांना तेथे न्या आणि एक दांडा चिमटीत फिरवायला सांगा. तीन कडा त्यांच्या बोटांना लागल्या की चटईची, पावतीची आणि क्रौंचांची गोष्ट सांगायला आपल्याकडे वेळच वेळ आहे.